नवऱ्याचा रिपोर्ट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय? — माझी मलाच चीड येते म्हणून, एवढंच समजा.

आम्ही सोलापूरचे. मी टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यावर सुपरवायझर. लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांच्या तपासण्या सांगितल्या. कारण बाईत असतं, पुरुषात असतं, कधी दोघांतही असतं, असं ते सरळच बोलले. मला ते झोंबलं. माझ्यात काय असणार? चांगला धडधाकट गडी मी!

रिपोर्ट आणायला एकटाच गेलो. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी गालगुंड झालं होतं का, तेव्हा खाली सूज आली होती का? आली होती — सोळाव्या वर्षी. आठवडाभर पाय फाकवून चाललो होतो. ते म्हणाले, शुक्राणू जवळजवळ नाहीतच, पण मार्ग आहेत, पुढच्या वेळी बायकोला घेऊन या. बायकोचं, वैशालीचं, सगळं व्यवस्थित होतं.

पुढची वेळ मी येऊच दिली नाही. घरी येऊन सांगितलं — कसं सांगू हे — माझं चांगलंय, तुझ्यात थोडं आहे. थोडं! कागद इंग्रजीत होते, तिनं मागितलेही नाहीत. तिचा माझ्यावर विश्वास होता ना.

आणि मी एवढ्यावर थांबलो का? नाही. नवऱ्याचा रिपोर्ट मागणार नाही असा वैद्य शोधला, मंगळवेढ्याकडचा. एसटीनं तिला घेऊन जायचो. तो म्हणेल ते कडू काढे तिनं वर्षानुवर्षं प्यायले. जे दुखणं तिला नव्हतंच त्याचं औषध! मी शेजारी बसून, संपव म्हणायचो.

धाकट्या भावजयीच्या डोहाळजेवणाला फुलांचे सगळे दागिने वैशालीनंच ओवले. ओटी भरायला ती पुढं झाली तेव्हा आई सगळ्यांदेखत म्हणाली, "तू नगं गं. लेकुरवाळीनंच भरावी. तू आत बस की."

ती आत गेली. मी पाहुण्यांच्या ताटात शेंगाची चटणी वाढत होतो. आई, दोष माझ्यात आहे — चारच शब्द. ओठांवर आले होते म्हणू? नव्हते आले. उलट बरं वाटलं, सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते म्हणून. असला नालायक माणूस मी.

त्यानंतर ती म्हणाली, "तुमी दुसरं लगीन करा. मी आडवी येणार न्हाई." मी म्हणालो, तूच मला पुरे. हे गल्लीभर झालं. बायका मला देवमाणूस म्हणायला लागल्या, आणि खरं सांगतो — मला ते आवडायचं.

गेल्या वर्षी तिची पाळी कायमची थांबली. मेथी निवडता निवडता एकदम रडायला लागली. "एक लेकरू न्हाई देता आलं मला तुमाला. मला माफ करा."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि म्हणालो, केलं माफ.