तीन बेल्टांचं टेन्शन

शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या मेंटेनन्स मॅनेजरनं मला फसवलं. माझा चांगला माल खराब ठरवला आणि माझा व्हेंडर कोड बंद केला. व्हेंडर कोड म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरमधला आपला नंबर. तो बंद झाला की गेटच्या आत आपला खिळासुद्धा जात नाही. आणि एका ठिकाणी बंद झाला की चिकलठाण्यापासून बिडकीनपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर बातमी पोचते.

मी मशिनचे बेल्ट विकतो. करमाडहून सायकलवर येऊन हेल्परी केली, मग स्वतःचं दुकान टाकलं. भाव करताना मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. पण डुप्लिकेट माल देत नाही.

त्या दिवशी त्या मॅनेजरचा, देवरे साहेबांचा, फोन आला. ब्लोअरचे बेल्ट पुन्हा तुटले होते. ब्लोअर म्हणजे पेंट शॉपमधली हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा. तो तीन बेल्टांवर फिरतो.

"डुप्लिकेट देता राव तुम्ही. कोड ब्लॉक करतोय."

"साहेब, आधी मला मशिन दाखवा."

"बघून काय करणार? तुकडे समोर पडलेत."

"मग मला बघू द्यायला काय हरकत आहे?"

दाखवायला कचरणारा माणूस दिसला की मला वास येतो. मी गाडी काढली.

गेटवरचा वॉचमन ओळखीचा. "शेठ, लई टेन्शनमधी दिसता?" म्हणाला. त्याच्या मागं विजेच्या खोलीवर पाटी होती, 'सावधान, हाय टेन्शन'. माझा धंदा या दोन्हींपेक्षा वेगळ्या टेन्शनचा. बेल्टचं टेन्शन म्हणजे त्याला दिलेला ताण. बेल्ट ढिला राहिला तर घसरतो, तापतो, जळतो. फार ओढला तर बेअरिंग जातं. नीट ताणलेला बेल्ट अंगठ्यानं दाबला तर थोडाच दबतो. हे मोजायला पेनासारखा गेज मिळतो. तो कायम माझ्या खिशात असतो.

ब्लोअरपाशी फिटर रफिकभाई होते. तुकडे टेबलावर मांडलेले. मी ते जुळवून बघितले, तर बेल्ट दोनच निघाले. तिसरा पुलीवर शाबूत होता. त्याला बोट लावलं तर तो झोळीसारखा लोंबत होता. बाजू काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. मी सेट देताना प्रत्येक बेल्टच्या पाठीवर पिवळ्या रंगाची रेघ मारतो. दोन तुटक्यांवर ती ताजी होती. याच्यावरची पार घासून गेलेली. म्हणजे हा आधीच्या कुठल्यातरी सेटमधला. मग माझा तिसरा नवा बेल्ट कुठं गेला? मला वाटलं, बाहेर विकला.

"रफिकभाई, तिसरा कुणाच्या घशात घातला?"

"जबान संभालो शेठ. मेरेकू चोर बोलते क्या? आओ इधर."

त्यांनी कपाट उघडलं. आत माझे कोरे बेल्ट टांगलेले, पिवळ्या रेघांसकट.

"साहब बोले, दो बदलो, एक बचाओ. कँटीनके बाहर फोटो लगा है ना उनका. तुम देखे नै?"

गेलो बघायला. कायझेन बोर्ड होता. कामात लहानशी सुधारणा करणाऱ्याचं कौतुक त्याच्यावर लावतात. देवरे साहेबांचा हसरा फोटो आणि खाली ओळ: 'बेल्टच्या खर्चात एक तृतीयांश बचत'.

आता ही बचत कशी ते सांगतो. जुना बेल्ट वापरून लांबलेला असतो. नव्यांबरोबर लावला तर त्याच्यावर ताणच येत नाही. तिघांनी कपाट उचलायचं आणि त्यातल्या एकानं नुसता हात लावायचा, तसं. बाकीचे दोघं मरतात. म्हणून तिन्ही एकदम बदलायचे असतात. हे मी सेट देताना दर वेळी सांगतो.

दोन तुटके आणि पुलीवरून उतरवलेला तो जुना, असे तिन्ही बेल्ट उचलून मी थेट प्लँट हेडच्या केबिनमध्ये गेलो. देवरे मागोमाग आले.

"सर, जुना शाबूत राहिला ना? मग नवेच खराब," देवरे म्हणाले.

"अहो, तो राबलाच नाही, म्हणून राहिला!" माझा आवाज बाहेरपर्यंत गेला असणार. "आत्ता तिन्ही नवे टाका. रफिकभाई बसवतील, मी गेज लावतो. तुटले तर परत या गेटवर दिसणार नाही."

टाकले. परत जाताना रफिकभाईंना चहा पाजला. माफीचा शब्द काही तोंडातून निघाला नाही. आता तेच अधूनमधून फोन करतात, "शेठ, मख्खन चल रा."

कोड मात्र अजून बंद आहे. प्लँट हेडला विचारलं की म्हणतात, "टेन्शन घेऊ नका, चौकशी चालू आहे." बोर्डावरचा फोटोही जागेवर आहे.

यातून मी एवढंच शिकलो: कुणी बचत दाखवली की तिचं ओझं कुणावर पडलं ते आधी बघावं. यावेळी माझ्यावर पडलं. तुमचा ब्लोअर माझ्या बेल्टांवर फिरतोय आणि मी गेटच्या बाहेर उभा आहे. देवरे साहेब, त्या फोटोशेजारी उभं राहून सगळ्यांदेखत सांगा, खराब काय होतं? माझा माल, का तुमची सुधारणा?