लेकीच्या लग्नात ती गोठ्यात बसली

बायको गेली त्याला दोन पावसाळे झाले. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलो. घरातलं बोलणं आमचं खानदेशी, लिहितो शाळेतल्यासारखं. वेडंवाकडं होईल, होऊ द्या.

आमचं गाव एरंडोलपासून दोन कोस. लेक चार वर्षांची असताना बायकोच्या बोटांवर कोड उठलं. दोन वर्षांत दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे झाले, मग ओठ, मग एका डोळ्याभोवती. मी हबकलो, ती नाही. विहिरीवर बाया आपली भांडी लांब सरकवायच्या, तरी ही पदर खोचून उघड्या हातांनी पाणी शेंदायची. एकीने विचारलं, "वं माय, तुले हाई काय व्हयनं?" ही म्हणाली, "कापूसनं गाव शे, मन्हा अंगवरबी बोंडं फुटनात. येचाले येस का?" बाया हसल्या. हळूहळू भांडी सरकायची थांबली.

लेक विचारायची, "माय, तू दोन रंगाची का?"

"आपली गाय नाही का दोन रंगाची? लाजते का ती?"

मग लेक तिच्या हातावर बोट फिरवायची. हा ससा, ही भाकर, हे तळं.

मला मात्र चारचौघांत तिच्याबरोबर चालायला लाज वाटायची. खरं ते लिहितो. वैद्याकडून बावची आणली. गोमूत्रात वाटून लावायची आणि उन्हात बसायचं. फोड आले, कातडी सोलली, खाली पुन्हा पांढरंच. ती म्हणाली, "अहो, मला आधी काही दुखत नव्हतं. आता दुखतं."

लेक बारा वर्षांची झाली आणि धुळ्याकडची सोयरीक आली. घर चांगलं होतं. आईचं कोड बघून लेकीलाही उठेल म्हणतील, अशी मला भीती. मुलगी बघायला आले त्या दिवशी मी बायकोला शेतात धाडलं. पण लग्नात काय करणार? कन्यादानाला आईबाप जोडीने बसतात, आई हातांवर पाणी सोडते. सगळा मांडव तिचे हात बघणार. तिचं एकच मागणं होतं, "पाणी मीच सोडीन. एकच तर लेक आहे." मी बरं म्हटलं होतं.

लग्नाच्या सकाळी माझा धीर सुटला. "तू आज गोठ्यात बस. कावळा शिवला म्हणून सांगतो."

"देवाब्राह्मणासमोर खोटं?"

"लेकीचं मोडलं तर?"

ती उठली, पोतं घेतलं आणि गोठ्यात जाऊन बसली. कन्यादानाला माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको बसली, पाणी तिने सोडलं.

निघताना लेक गोठ्याकडे धावली. बाया ओरडल्या, "शिवू नको वं, इटाळ व्हई!" लेक थबकली. लांबूनच वाकली, रडत गाडीत बसली. हिने हात पदराखाली घेतले होते. खोटं आहे एवढं म्हणाली असती तर लेक गळ्यात पडली असती. म्हणाली नाही. मीही समोरच उभा होतो.

वर्षभराने विहीणबाई आल्या. जेवता जेवता बायकोला म्हणाल्या, "तुमना अंगवर कोड शे, हाई आम्हले सोयरीकना पहिलेच माहीत व्हतं. बठ्ठा गावले माहीत व्हतं. मंग लगनमा कोठे दडी बठनात?"

सगळ्या गावाला आधीच माहीत होतं, हे ऐकून मला वाटलं, आता हिच्या मनावरचा दगड उतरेल. विहीणबाई गेल्यावर ती म्हणाली, "म्हणजे लोकांना चाललं असतं. तुम्हालाच चाललं नसतं."

त्यानंतर ती विहिरीवर भर दुपारी जाऊ लागली, कुणी नसताना. पुढची वीस वर्षं. नातू झाला तेव्हा हातांना फडकं गुंडाळून तिने त्याला घेतलं. लेक म्हणाली, "माय, उघड्या हातांनी घे ना." तिने ऐकलं नाही. मीही म्हणून बघितलं. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

जर्मन-जपानच्या लढाईच्या शेवटी तिला ताप धरला. शेवटच्या दिवशी म्हणाली, "लोक येतील. तोंडावर पदर ओढा, हात झाका."

माझ्याआधी, अहेव गेली, म्हणून बाया कुंकू लावायला आल्या. कापडाचं कंट्रोल होतं, नवं मिळेना, म्हणून लेकीने आपलं हिरवं लुगडं आणून नेसवलं आणि सांगितल्याप्रमाणे तोंडावर पदर ओढला. विहीणबाई कुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाल्या आणि मला विचारलं, "आबा, पदर काढू का? आता कोनले लपाडनं शे?"

ती नको म्हणून गेली होती. नको म्हणायला तिला मीच शिकवलं होतं.

मी म्हटलं, नको.