प्रश्न मांडल्याबद्दल आभार

मले भाऊच्या ऑफिसात काम लागलं तेव्हा मी घरात नाचलीच! भाऊ म्हणजे आमचे खासदार. मी जन्मली तेव्हाही तेच होते, अन् मी अमरावतीहून बी.ए. करून अकोल्याले परत आली तरी तेच. काम काय, तर त्यायच्या लोकसभेतल्या साऱ्या कारकिर्दीचा अहवाल बनवायचा. काय बोलले, काय विचारलं, कोणती विधेयकं मांडली. अन् सोबत मोबाईलवर फिरवायले छोटे छोटे व्हिडिओ. टायपिंगमध्ये मी फास्ट, व्हिडिओ कापण्यात त्याहून फास्ट. मले वाटलं, ही जागा माह्यासाठीच काढली!

पण खरी खुशी होती ती बाबासाठी. बाबा सरकारी सूतगिरणीत होते, रिंग फ्रेमवर, म्हणजे जिथं सूत पिळलं जाऊन बॉबिनवर चढते त्या मशीनवर. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेतही जात नव्हती. तेव्हापासून बाबा कोणाचा पंखा दुरुस्त कर, कोणाची जळालेली पाण्याची मोटार भरून दे, असंच करून राहिले. पक्कं काम धरलंच नाही. कावून? कारण भाऊ दर अधिवेशनात गिरणीचा प्रश्न टाकतात. अन् प्रश्न आला की आमच्या मोहल्ल्यात बॅनर लागते, "लोकसभेत गिरणीचा प्रश्न मांडल्याबद्दल जाहीर आभार." मंग सत्कार. त्यात शाल नाही, गुच्छ नाही. गिरणीवाले स्वतः कापूस पिंजून त्याचा जाडजूड हार करतात अन् भाऊच्या गळ्यात घालतात. हार बाबाच वळतात. दुसऱ्यानं वळला तर मंचावरच सुटते म्हणे.

त्या हिवाळ्यात अमरावतीजवळच्या नांदगाव पेठवरून एका काकाचा फोन आला. हे काका गिरणीत बाबाच्या बाजूच्या फ्रेमवर होते, आता तिकडच्या कारखान्यात लागले. स्पीकर चालूच होता, म्हणून मी सारं ऐकलं.

"अबे, जागा खाली झाली इथं. तीच रिंग फ्रेम, तुह्याच हातची. खोलीबी भेटते. सोमवारी ये, नाई तं दुसरे पोट्टे उभेच हायेत गेटवर."

बाबा म्हणे, "थांब न जरा. अधिवेशन चालू हाय. यंदा आपला प्रश्न तारांकित लागला."

तारांकित म्हणजे मंत्र्याले उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागते. चिठ्ठ्या निघतात, त्यात नंबर लागला तर.

"लागू दे न! तारे पाहून पोट भरते काय तुह्यं?"

आई चुलीपासून ओरडली, "सांगा त्यायले, भाऊजी! माह्यं तं आयकतच नाई हे!"

बाबा हसले अन् फोन ठेवला. मी मनात म्हटलं, सोमवारच्या आत बाबाले नांदगाव पेठच्या बसमध्ये बसवायचंच.

इकडं ऑफिसात मी भाऊचे जुने व्हिडिओ पाहून राहिली होती. एक व्हिडिओ शुक्रवारच्या दुपारचा, खासगी विधेयकांचा. भाऊ कापसाचं विधेयक मांडून राहिले अन् मागचे सारे बाक रिकामे. ते विधेयक चर्चेलेच आलं नाही. लोकसभा विसर्जित झाली, विधेयकही गेलं. नवीन लोकसभेत भाऊनं पुन्हा मांडलं, पुन्हा गेलं. भाषणाची सुरुवात मात्र दरवेळी एकच! अठराशे साठनंतर अमेरिकेत यादवी लागली, तिकडचा कापूस बंद झाला, मंग साऱ्या जगाले वऱ्हाड दिसलं, रेल्वे आली, लोकांनी बैलबंडीच्या चाकाले चांदी ठोकली. बाबाले हे तोंडपाठ. तिकडची लढाई संपली अन् इकडं भाव धाडकन पडले, हे मी कॉलेजात शिकली. भाऊच्या भाषणात ते कधीच नाही. भाषण चांदीच्या चाकावरच थांबते.

गुरुवारी आमचा प्रश्न आला. भाऊनं मस्त विचारला, आवाज चढवून. मंत्री उभे राहिले, वाचलं, "असा कोणताही प्रस्ताव सरकारच्या विचाराधीन नाही," अन् बसले. बस! मी मागचे सारे गिरणीचे प्रश्न काढले. त्यायच्यावरही तेच उत्तर, शब्द न् शब्द तेच. लपवलेलं नव्हतं, कोणीही पाहू शकत होतं. पण बॅनरवर, पेपरात, मोबाईलवर आमच्याकडं फक्त प्रश्न यायचा.

भाऊ दिल्लीहून आले तेव्हा मी धाडस करून विचारलं, "भाऊ, व्हिडिओत उत्तर ठेवू?"

ते चहा बशीत ओतत होते. "बाई, उत्तर मंत्र्याचं असते. आपलं काम प्रश्न. लोकायले आपलं दाखव."

"पण लोकायले वाटते गिरणी सुरू होणार."

"मंग मी विचारनं बंद करू काय?" ते रागावले नाहीत. थकलेले दिसले. मी जाऊन व्हिडिओ प्रश्नावरच कापला.

रविवारी मी बाबाले पूर्ण व्हिडिओ दाखवला, उत्तरासहित. मागची दोन-तीन लेखी उत्तरंही दाखवली. बाबानं चष्मा लावून सारं पाहिलं. मंग म्हणे, "पुन्हा लाव." मी लावला.

"मंत्र्यानं मान वर केलीच नाई पाय. निस्तं वाचून राह्यला."

"बाबा, ते नाही म्हणून राहिले! दरवेळी नाही म्हणतात! उद्या नांदगाव पेठले जा न."

"अधिवेशन संपलं काय?"

"नाही."

"मंग?"

"मंग काय बाबा!"

"आपला मानूस तिथं उभा राहून आपल्या गिरनीचं विचारते, माय. अन् मी इथून दुसऱ्याच्या गिरनीत पळू काय?"

आईनं ताट जरा जोरातच ठेवलं.

सोमवारी बाबा सकाळपासून आंगणात कापूस घेऊन बसले. दुपारी काकाचा फोन आला, जागा भरली. बाबा म्हणे, "बरं झालं, कोनाचं तरी भलं झालं," अन् हाराले गाठ मारली.

सत्कारात पडद्यावर माह्याच व्हिडिओ लागला. भाऊ गरजले, "अध्यक्ष महोदय, आमची गिरणी कधी सुरू होणार?" तिथंच तो संपत होता. लय टाळ्या झाल्या. भाऊनं हार घालून घेतला, हात जोडले अन् पुढच्या कार्यक्रमाले निघाले. हार खुर्चीवरच राहिला.

बाबानं तो उचलला, झटकला अन् पिशवीत भरला.

"घरी कायले नेता?" मी विचारलं.

"कापूस चांगला हाय. बजेटच्या अधिवेशनाले कामी पडन."