पाच बावन्नची गाडी न थांबता गेली

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, एका मोठ्या हॉस्पिटलात डायलिसिसची यंत्रं चालवतात. आम्ही सगळे एकाच घरात राहतो. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला घरातल्या तीन गोष्टी सांगितल्या होत्या: गॅसचं बटण सैल आहे, मागच्या दाराला कडी लागत नाही, आणि मोठीशी वाद घालायचा नाही. पहिल्या दोन दुरुस्त झाल्या.

वन्संची सकाळची पाळी. पाच बावन्नची गाडी धरायची, पावणेसातला हॉस्पिटल गाठायचं, आधी पाण्याचं यंत्र सुरू करायचं, नळ्या भरून घ्यायच्या आणि सव्वासातला चौघा जणांना चार यंत्रांना जोडायचं. पेशंटला यंत्रावर चार तास लागतात. मग यंत्रं धुऊन घ्यायची, आणि बाराला दुसरे चौघे दारात उभे असतात, त्यामुळे सकाळी जेवढा उशीर होईल तेवढा पहिल्या चौघांच्या वेळेतून जातो. चाराचे तीन तास होतात. जे पाणी आणि जी घाण अंगाबाहेर जायला हवी, ती अंगात राहते. हे मला वन्संनी एकदाच समजावलं होतं, भाकरीसारखं तोडून, आणि मला पुन्हा विचारावं लागलं नाही.

नऊ वर्षं हे सुरळीत चाललं. मग पुढच्या एका पुलाचं काम निघालं आणि गाडी सुटतानाच दहा-पंधरा मिनिटं उशिरा सुटायला लागली. तेवढ्यावर राहिलं असतं तर वन्संनी नुसते दात-ओठ खाल्ले असते. पण रेल्वेने गेलेला वेळ भरून काढायची युक्ती शोधली. गाडीला उशीर झाला की वाटेतली तीन लहान स्टेशनं गाळायची. त्यातलं एक आमचं.

मी बेकरीत पाकिटं भरायला जाते, तीच गाडी धरते. म्हणून पहिल्यांदा ते घडलं तेव्हा मी वन्संच्या शेजारीच उभी होते. गाडी लांबून दिसली, लोक पिशव्या उचलून कडेला सरकले, आणि गाडी वेग कमी न करता समोरून निघून गेली. आत रिकाम्या जागा होत्या. खिडकीतला एक माणूस पेंगत होता, तोसुद्धा मला नीट दिसला. मग भोंग्यातून त्या बाईचा गोड आवाज आला, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पुढची गाडी तासाभराने.

असं आठवड्यातून दोनदा, तीनदा व्हायला लागलं. वन्संनी त्याआधीची गाडी धरून पाहिली, तर पुलाच्या कामासाठी ती बंदच झाली. बस साडेसातशिवाय सुटत नव्हती. हॉस्पिटलच्या साहेबांकडे त्यांनी सकाळपुरता दुसरा माणूस मागितला, तर साहेब म्हणाले, तुम्हीच जरा लवकर निघत जा. त्या दिवशी घरी आल्यावर वन्संनी कुकरचं झाकण इतक्या जोरात आपटलं की नवरा बाहेरच्या खोलीतून उठून अंगणात जाऊन बसला.

त्यांच्या पेशंटमध्ये एक शिंपीकाका होते. सात वर्षं तिसऱ्या यंत्रावरचे. वन्संच्या कामावरच्या दोन्ही कोटांचे खिसे त्यांनीच खोल करून दिले होते, पट्ट्या आणि कात्री मावावी म्हणून. त्या महिन्यात त्यांचा वेळ पाच वेळा कापला गेला. पाय सुजले, चेहरा सुजला, आणि एका रविवारी श्वास लागून त्यांना वरच्या मजल्यावर भरती करावं लागलं. वन्सं त्यांना भेटून आल्या. जेवल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “माणूस बुडत होता गं. कोरड्या खोलीत, खाटेवर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा न थांबता गेली.

मला वाटलं आता वन्सं ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. पिशवी खांद्यावर नीट केली आणि सरळ स्टेशनमास्तरांच्या खोलीकडे निघाल्या. मी मागोमाग. आत एक टेबल, दोन टेलिफोन, झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास आणि हातातला हिरवा झेंडा गुंडाळत असलेले मास्तर. पन्नाशीचा, नीटनेटका, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं आणि नेहमीचं सांगितलं: आदेश कंट्रोलचा असतो, आमच्या हातात काही नाही, तक्रारवही बाहेर आहे.

वन्संनी विचारलं की या गाडीची नोंद दाखवता का. का कोण जाणे, त्यांनी रजिस्टर पुढे केलं. गेल्या महिन्यात ज्या-ज्या दिवशी आम्ही फलाटावर राहिलो होतो, त्या प्रत्येक दिवसापुढे शेवटच्या स्टेशनवर पोचल्याची वेळ होती आणि पुढे एकच शब्द होता: वेळेवर. त्यापुढचा शेऱ्याचा रकाना कोरा.

माझ्याच तळपायाची आग मस्तकात गेली, वन्संचं काय झालं असेल ते सांगायला नको. आम्हाला टाकून गेल्यामुळेच ती गाडी वेळेवर होती. आम्ही चढलो असतो तर तिला उशीर झाला असता.

वन्संनी फोन काढला. त्यांच्या पेशंटमध्ये एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना भूगोलाच्या बाई म्हणतात. मुलगा कामावर जाताना त्यांना सहालाच हॉस्पिटलच्या बाकावर सोडून जातो. वन्संनी त्यांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन रजिस्टरवर ठेवला.

“बाई, मी आजही तासभर उशिरा येणार. का ते हे मास्तर सांगतील. मी रोज सांगते, आज ते सांगतील.”

मास्तर घुटमळले. मग त्यांनी तेच सगळं सांगितलं, कंट्रोल, पुलाचं काम, दिलगिरी. पलीकडून बाईंनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. नंतर, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, “गाडी तुमच्या समोरून गेली ना? तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

मास्तरांनी हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं. “हिरवा झेंडा दाखवत होतो,” ते म्हणाले.

बाईंनी फोन ठेवला. वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रडण्याचं नव्हतं. मी त्यांना ओळखते. मग मास्तरांनी पेन उचललं आणि आजच्या तारखेपुढच्या शेऱ्याच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं की गाडी न थांबवल्यामुळे एकसष्ट प्रवासी मागे राहिले, त्यात हॉस्पिटलच्या एक कर्मचारी आहेत, तिथे चार पेशंट खोळंबले. वन्संनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “खाली सही करा.” त्यांनी केली.

त्यानंतर गाडी गाळली की मास्तर शेरा लिहायचे आणि वन्सं फलाटावर फिरून कागदावर लोकांच्या सह्या घ्यायच्या. एकाने म्हटलं, ताई, याने काय होणार? वन्सं म्हणाल्या, काही होणार नाही, तू सही कर. मास्तरांना वरून विचारणा झाली की असले शेरे लिहायची पद्धत कधीपासून. तरी त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. दोन महिन्यांनी तिघे अधिकारी आले, फलाटाची लांबी मोजली, त्याचा काय संबंध ते देव जाणे, आणि पंधरा दिवसांत आदेश आला की पाच बावन्नची गाडी तिन्ही स्टेशनांवर थांबलीच पाहिजे.

सगळ्या फलाटाने वन्संचं कौतुक केलं. त्याच आठवड्यात मास्तरांची बदली एका मालधक्क्यावर झाली, जिथे उतारू नसतातच. आणि हॉस्पिटलने, वारंवार उशीर होतो असं कारण देऊन, वन्संची सकाळची पाळी काढून जवळ राहणाऱ्या एका नव्या मुलीला दिली. वन्संना दुपार दिली. त्यांचे सकाळचे चौघे पेशंट हातचे गेले. शिंपीकाका बरे होऊन तिसऱ्या यंत्रावर परत आले, पण आता ते उठायच्या वेळेला वन्सं आत येतात. दहा मिनिटं भेट होते.

मी एकदा म्हणून गेले की निदान गाडी तरी थांबते ना. वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की मला सासूबाईंनी सांगितलेली तिसरी गोष्ट आठवली.

“माझ्यासाठी थांबते का?” त्या म्हणाल्या. “ती नऊ वर्षं थांबतच होती. त्यांनी चोरलेलं परत ठेवलं, आणि मी आभार मानायचे?”

गेल्या महिन्यात रेल्वेचं पत्र आलं. छापील कागद, खाली शिक्का. आपण केलेल्या मोलाच्या सूचनेबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. वन्संनी ते दोनदा वाचलं. मग लाल पेन घेऊन ‘सूचनेबद्दल’ हा शब्द खोडला, वर ‘तक्रारीबद्दल’ असं लिहिलं, खाली विचारलं की मास्तरांना परत कधी आणताय, आणि कपडे बदलून ते पत्र रजिस्टर्ड टपालाने परत पाठवायला गेल्या. उत्तर अजून आलेलं नाही. दर सोमवारी त्या तोच प्रश्न पुन्हा लिहून पाठवतात.