परातीतलं गलबत

आमच्या कला मंडळाच्या इतिवृत्तात माझ्या हस्ताक्षरात एक वाक्य होतं: "कलावंताच्या हातास तेल असल्यामुळे पाण्यावरील रांगोळी भंगली." हे वाक्य खोटं आहे. लिहिताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं. आता मंडळ नाही, त्या वह्या वाळवीने खाल्ल्या, आणि ज्यांनी ते वाक्य वाचलं त्यांतले बहुतेक जण गेले. तरीही खरं काय घडलं ते लिहून ठेवायला हवं, कारण एका व्यक्तीने मला तसं सांगितलं आहे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. डोंबिवली तेव्हा एवढीशी होती. स्टेशनातून बाहेर पडलं की दहा मिनिटांत वस्ती संपायची आणि भातखाचरं सुरू व्हायची. कौलारू घरं, दारापुढे तुळस, मागे विहीर आणि पाचच्या सुमाराला सगळीकडून येणारा चुलीचा धूर. तो धूर संध्याकाळच्या उन्हात असा तरंगत राहायचा की गाव जमिनीपासून हातभर वर उचललं गेलंय असं वाटे. मी मुंबईत कारकुनी करत होतो. लग्न व्हायचं होतं. उरलेला सगळा वेळ मंडळात जायचा.

मंडळ म्हणजे पंधरा-वीस माणसं. कुणी शाडूची फळं करायचं, इतकी हुबेहूब की पाहुण्यांनी सीताफळ उचलून दाबून पाहिलेलं मी पाहिलंय. कुणी शिंपल्यांचे मोर करायचं. ठाकुर्लीकडचे एक शेतकरी आजोबा भाताच्या लोंब्या विणून झुंबरं बनवायचे. ती टांगली की चिमण्या खिडकीतून आत यायच्या आणि आजोबा त्यांना हाकलायचे नाहीत. मी जमिनीवर रांगोळीने चेहरे काढायचो. आमचे पुढारी म्हणजे शाळेतले चित्रकलेचे मास्तर. मी चिटणीस. दर दिवाळीत शाळेच्या मोठ्या खोलीत तीन दिवसांचं प्रदर्शन भरायचं आणि कल्याणहूनही माणसं बघायला यायची.

त्या वर्षी मंडळात पहिल्यांदाच एक बाई आल्या. आमच्या आळीत राहायच्या, मिस्टर गोदामात नोकरीला. सगळे त्यांना वहिनी म्हणत. माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं, वडील मिठागरावर हिशेबनीस. लहानपणी मिठागराच्या वाफ्यांत साचलेलं पाणी तासन्‌तास बघत बसायची सवय, असं त्या सांगत. त्यांना पाण्यावर रांगोळी काढता यायची. एका आत्याने शिकवलेली.

ती कशी काढतात ते सांगतो. पसरट परातीत पाणी भरायचं आणि ते पार निश्चल होऊ द्यायचं. मग कोळशाची वस्त्रगाळ पूड अगदी वरून, श्वास रोखून, पाण्यावर भुरभुरायची. ती बुडत नाही. पाण्यावर काळी साय धरावी तशी पसरते. त्या काळ्या सायीवर रांगोळी आणि रंग चिमटीने सोडायचे. भांड्याला धक्का लागता कामा नये, वारा येता कामा नये. आणि सगळ्यांत मोठं पथ्य तेलाचं. तेलाचा एक कण पाण्याला लागला तरी तो पाण्यावर पसरतो आणि चित्राला ढकलत ढकलत काठाला नेऊन सोडतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

मास्तरांना हा प्रकार फारसा पसंत नव्हता. "वहिनी, ही कला आहे की जादूचे प्रयोग?" त्यांनी विचारलं होतं.

"तुम्ही म्हणाल ते, मास्तर. पण मला शिकवायचीय. रविवारचा वर्ग द्या मला. चार मुली तयार आहेत."

"वर्ग!" मास्तर हसले. "अहो, तुमचं चित्र चहा थंड होईपर्यंत तरी टिकतं का?"

"तीन दिवस टिकवून दाखवते."

"लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपर्यंत टिकलं तर तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी वर्ग सुरू. चिटणीस, लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. वहिनींना तो वर्ग किती हवा होता ते पुढच्या पंधरा दिवसांत आळीतल्या सगळ्यांना कळलं. लग्नाच्या आचाऱ्याकडून त्यांनी एक भलीमोठी पितळी परात आणली, ती चिंचेने घासली, राखेने घासली, पुन्हा चिंचेने घासली. त्यांच्या सासूबाई ओट्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "घरातला चिवडा कोण करणार ते परातीला विचारा बाई!" पण परात कल्हईवाल्याच्या पोराने लाथाडू नये म्हणून तिच्याजवळ पाट टाकून बसायच्याही त्याच.

धनत्रयोदशीला वहिनींनी चित्र काढलं. कल्याणची खाडी आणि खाडीत शीड उभारलेलं एक गलबत. काळं पाणी, पांढरं शीड, डोलकाठीच्या टोकाला केशरी निशाण, आणि लांबवर किनाऱ्याची एक निळसर रेघ. मी आयुष्यात पुष्कळ चित्रं पाहिली, पण असं पाहिलं नाही. कारण खोलीत कुणी जोरात चाललं की फरशी किंचित हादरायची आणि ते गलबत हलायचं. खरंच हलायचं. लोक येत, परातीभोवती उभे राहत आणि आपोआप हळू बोलायला लागत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चपला काढून बाहेर ठेवल्या. काही वेळाने सगळेच चपला काढून येऊ लागले. सबंध दिवसभर त्या खोलीत अनवाणी पावलांखेरीज कसला आवाज नव्हता. मला अजूनही कधी दुपारी डोळा लागला की ती शांतता आठवते, आणि आपण त्या काळ्या पाण्याच्या काठावर उभे आहोत असं वाटतं.

माझी रांगोळी शेजारच्या कोपऱ्यात होती. एका म्हाताऱ्या कोळणीचा चेहरा. सोळा तास वाकून काढलेला. लोक त्याला वळसा घालून परातीकडे जात होते.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. खोलीची किल्ली माझ्याकडे असायची. उजाडायच्या सुमारास वहिनी मिस्टरांना घेऊन आल्या. रात्रभरात कोळशाची साय दोन ठिकाणी विरली होती, ती त्यांनी सांधली. हात मागे घेऊन त्या सरळ झाल्या आणि हसून म्हणाल्या, "भाऊजी, आज मी थेट नरकात जाणार बघा."

"का हो?"

"तेलाला शिवलेसुद्धा नाही. कोरड्या अंगाने दोन तांबे ओतून घेतले. केसांना काल शिकेकाई लावलीय. पण सासूबाईंना बोलू नका हं. त्यांना वाटतंय मी उटणं-तेल सगळं यथासांग केलंय. कळलं तर सणाचा दिवस रडण्यात जाईल त्यांचा."

"माझ्याकडून नाही कळायचं," मी म्हणालो.

"आणि तुम्ही? तुम्ही तर मोगऱ्याच्या बागेतून आल्यासारखे दिसता. लांब राहा माझ्या परातीपासून!"

मी पहाटेच अभ्यंगस्नान करून आलो होतो. आईने डोक्यावर वाटीभर वासाचं तेल जिरवलं होतं. आम्ही तिघे हसलो. वहिनी आणि मिस्टर फराळाची पानं मांडायला घरी गेले. आठला लोक येणार होते.

खोलीत मी एकटा उरलो. खिडक्यांना पांढरी धोतरं लावली होती, त्यांतून गाळून आलेला उजेड दुधासारखा परातीवर पसरला होता. गलबत स्तब्ध होतं. मी उकिडवा बसून बघत राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. शिडाच्या टोकाजवळ रांगोळीचा एक दाणा चुकून बाजूला पडलेला दिसत होता. एवढ्या नितळ चित्रात तो एकच दाणा. तो मला खुपू लागला. आपण नुसता टोकाने उचलून घ्यावा, असं वाटलं.

मनात मत्सर होता का? होता. पण बोट पुढे नेताना मी मत्सराचा विचार करत नव्हतो. त्या पाण्याला एकदा हात लावावा, बस्स, एवढंच मनात होतं. मी करंगळी टेकवली.

आधी एक काळं वर्तुळ उघडलं आणि त्यातून परातीचं पितळ चमकलं. मग ते वर्तुळ धावत सुटलं. निशाण, शीड, किनारा, सगळं काठाकडे पळालं आणि काठाला एक मळकट कड होऊन बसलं. मधे नुसतं स्वच्छ पाणी. मी बोट धोतराला पुसलं.

मी तसाच बसलो असताना मास्तर चार-पाच माणसांना घेऊन आले. "काय झालं हो हे?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच पाहतोय," मी म्हणालो.

एवढंच बोललो. पाठोपाठ वहिनी आल्या. बरोबर सासूबाई होत्या, नवं लुगडं नेसून, सुनेचं चित्र पहिल्यांदाच बघायला आलेल्या. वहिनी परातीपाशी आल्या आणि थांबल्या. त्यांचा चेहरा आठवला की मी अजून दुसरीकडे बघतो.

मास्तर वाकले, पाण्याकडे तिरप्या नजरेने पाहिलं. "तवंग आहे. तेल. वहिनी, सकाळी तुम्हीच हात लावलात ना याला? आज नरकचतुर्दशी. अहो, सणावारी बायकांच्या हाताला तेल असायचंच."

"माझ्या सुनेने हात स्वच्छ धुतले असतील," सासूबाई म्हणाल्या.

"धुऊन जातं का ते, काकी?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तेल लावलं नव्हतं हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मिस्टर घरीच थांबले होते. मी बोललो असतो तर लगेच दुसरा प्रश्न आला असता: मग तेल कुणाचं? माझ्या केसांचा वास सबंध खोलीत येत होता, पण त्या दिवशी तो प्रत्येकाच्याच केसांना येत होता. मी परातीकडे बघत राहिलो.

वहिनींनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "हो. लागलं असेल तेल."

त्या दिवशी संध्याकाळी मी इतिवृत्त लिहिलं. वर्गाचा विषय पुन्हा निघाला नाही. "पाण्यावरील रांगोळी प्रदर्शनात ठेवू नये," असा ठरावही झाला आणि तोही मीच लिहिला. वहिनी मंडळात आल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या की "कसं काय भाऊजी?" म्हणायच्या, पूर्वीसारख्याच. दोन वर्षांनी मिस्टरांना शहाडच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि ते बिऱ्हाड हललं.

मधली तीसेक वर्षं मी सोडून देतो. मी निवृत्त झालो, पत्नी गेली, आणि मग एक दिवस उठून शहाडला गेलो. पत्ता विचारत विचारत घर सापडलं. वहिनी आता आजी झाल्या होत्या. मिस्टर आणि सासूबाई दोघेही नव्हते. त्यांनी मला ओळखलं, पाणी दिलं, चहा टाकायला सांगितलं. मी चहा यायच्या आत सांगून टाकलं. करंगळी, तेल, सगळं.

मला वाटलं होतं, त्यांना तेव्हाच संशय आला असेल, आता रागावतील. पण त्यांनी विचारलं, "नक्की तुमचंच बोट?"

"हो."

"मी सकाळी देवापुढे निरांजन लावलं होतं. मला वाटत आलंय की वात वळताना तुपाचा हात राहिला असेल. मी तो दिवस हजार वेळा परत परत करून पाहिला भाऊजी. निरांजन, मग हात धुतले, मग पुन्हा राखेने धुतले, मग दार. कुठे चुकलं ते सापडत नव्हतं. म्हणून पुढे काढलीच नाही. एकदा हातावरचा भरवसा गेला की कसली चिमूट सुटते?"

मला वाटत होतं मी त्यांचा वर्ग घालवला. मी त्यांचा हात घालवला होता, आणि ते मला तीस वर्षं माहीत नव्हतं.

"माफ करा म्हणायला आलो होतो," मी म्हणालो.

"ते राहू द्या. जिथे लिहिलंत तिथे खोडा आणि बरोबर लिहा."

"त्या वह्या गेल्या, वहिनी."

"मग दुसरीकडे लिहा. कुणीतरी वाचेल असं."

चहा आला. त्यांनी तो घेतला नाही. स्वतःचे हात उलटसुलट करून पाहत होत्या. बोटं सांध्यांत सुजलेली होती. मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि परात मागितली, घरातली साधी, स्टीलची.

"वर्गाचा पहिला दिवस कसा घ्यायचा ते मी ठरवून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "कोळसा नाही, रांगोळी नाही. पोरींना नुसतं पाणी द्यायचं. ते निश्चल होईपर्यंत बसायचं. बोलायचं नाही. ज्या पोरी उठून जातील त्यांना जाऊ द्यायचं."

परात मधे ठेवली. त्यांनी तांब्याने पाणी ओतलं, कडेकडेने, आवाज न करता. पाण्यात खिडकी हलत होती, तिचे तुकडे होत होते आणि पुन्हा जुळत होते. मी समोर मांडी घालून बसलो. सून दारात थोडा वेळ थांबली आणि आत गेली. बाहेर कुणीतरी कपडे आपटत होतं. वहिनी पाण्याकडे बघत होत्या. माझा चहा गार झाला. खिडकीचे तुकडे मोठे होत गेले, मग त्यांची एकच खिडकी झाली, आणि तिच्यातलं आभाळ हळूहळू जागच्या जागी उभं राहिलं.