कचेरीच्या ओट्यावरची हरकत

"तिथंच थांब. वर येऊ नको," कारकून म्हणाला.

माझा बाप कचेरीच्या ओट्याखाली थांबला, मी त्याची लेक त्याच्या मागे. हात उंच करून त्याने कागद धरला. आम्ही चांभार. जालन्यातल्या आमच्या गल्लीतली घरं आमच्या मालकीची, जागेचे पट्टे आमच्या नावावर. सरकारने ती गल्ली धान्याच्या बाजाराला द्यायचं ठरवलं होतं. घरमालकाला हरकत घ्यायचा हक्क होता. पण तसं सांगणारा सरकारी इश्तिहार कचेरीच्या भाषेत, उर्दूत, आणि चिकटवलेला ओट्यावरच्या भिंतीला. ओट्यावर चढायची आम्हाला बंदी. असा होता आमचा हक्क.

"ठेव खाली."

बापाने कागद पायरीवर ठेवला. कारकुनाने तो जोड्याखाली दाबला आणि हसला. जोडे बापानेच शिवलेले. दर दसऱ्याला कचेरीतल्यांना फुकट जोडे द्यायचा रिवाज होता.

"मालक म्हणं! जुम्याची सुट्टी झाल्यावर ये. जल्दी काय हाय?"

शुक्रवारची सुट्टी सरल्यावर शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. "मुदत तर गुरुवारीच सरली," तोच कारकून म्हणाला. तारीख त्या भिंतीवरच्या इश्तिहारात लिहिलेली होती. बापाने "बरं मालक" म्हणत हात जोडले. त्या जोडलेल्या हातांची मला अजून चीड येते.

गल्ली गेली. नाल्याकाठी जागा मिळाली. बाप तिथे वर्षभरही जगला नाही. मागे मी एकटीच, म्हणून जागा माझ्या नावावर झाली.

शेजारी एक मुसलमान मावशी राहायच्या, सगळे त्यांना खाला म्हणत; त्या मुलींना उर्दू शिकवायच्या. मी त्यांच्या चपला शिवल्या, त्यांनी मला अक्षरं शिकवली. अलिफपासून प्रत्येक अक्षर मी त्या कारकुनाला शिव्या देत गिरवलं.

दुसरा इश्तिहार लागला. आता नाल्याकाठही हवा होता, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला. मी सरळ ओट्यावर चढले. खाली उभ्या आमच्या माणसांना ऐकू जाईल असा सगळा वाचला, मुदतीच्या तारखेसकट.

"उतर खाली!" कारकून ओरडला.

"हरकत आणली. हातात घ्या. पावती द्या, मंग उतरते. न्हाईतर हितंच बसते."

त्याने कागद हातात घेतला. मान खाली घालून पावती लिहिली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. माझ्यामागून आमची सात माणसं आपापला कागद घेऊन ओट्यावर चढली.

दसऱ्याआधी त्या कारकुनाचा माणूस जोड्याचं माप घेऊन दारात आला. माप म्हणजे पायाच्या लांबीला दोन गाठी मारलेली दोरी. मी त्याच्यादेखत ती दोरी चुलीत घातली.

"सांग त्याला, अनवाणी फिर म्हणावं. आन् पुढचा इश्तिहार लाव. मी वाचायला येते."