मोठेबाबांची जांभळी जिन

मोठेबाबा गेल्याची बातमी मला नागपुरात मिळाली ती एका ट्रक ड्रायव्हरकडून. पवनीच्या राइस मिलचा माल घेऊन तो इतवारीच्या बाजारात आला होता. मी शाळेत निघायच्या घाईत होते. दारात उभा राहून, हातातला रुमाल पिळत तो म्हणाला, "बाई, तुमचे मोठेबाबा गेले जी... पहाटे, झोपेतच. तुमच्या बाबांनं निरोप देल्ला, लवकर निघा म्हणून." उमरेडवरून जाणारी एसटी पकडून मी पवनीला पोचले तेव्हा आमच्या घरापुढे माणसं जमली होती. त्या गर्दीत कुणीतरी हळूच दुसऱ्याला सांगत होतं, "दारूवाले हवालदार गेले." वाईट हेतूने नव्हे... गावात त्यांची तीच ओळख होती. पण ते शब्द तेव्हापासून माझ्या मनातून जात नाहीत. ज्या माणसाने उतारवयापर्यंत दारूचा थेंब जिभेला लावला नाही, त्याचं हे नाव कसं पडलं, ते कुणीतरी नीट सांगायला हवं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. तरुणपणीच फौजेत गेले. हिमालयातल्या एका छावणीत अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये त्यांना बारवर उभं केलं आणि त्यांची बहुतेक नोकरी तिथेच झाली. पण फौजेत जायच्या आधीच त्यांचं लग्न झालं होतं आणि लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मोठी आईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, दारूला कधी शिवायचं नाही म्हणून त्यांना गळ्याची शपथ घातली होती. मोठी आई आंबागडकडची. मोहाची झाडं त्यांच्या अंगणापर्यंत आलेली. तिच्या वडिलांनी मोहाच्या दारूपायी आधी बैलजोडी घालवली, मग शेत, आणि शेवटी एका उन्हाळ्यात स्वतःही गेले. ती मला एकदा म्हणाली होती, "मोहाचा वास आला का मले अजूनबी मायचा चेहरा दिसते. पदरानं तोंड पुसून राहिली अन् बोलून नाही राहिली, असा." अशा बाईच्या नवऱ्याच्या वाट्याला बारमागची नोकरी आली. त्यांनी नोकरी सोडली नाही आणि शपथही मोडली नाही. सगळं नाकाने शिकले.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते फौजेतले हवालदार म्हणून पेन्शन घेऊन घरी आले. मी तेव्हा नुकतीच पवनीच्या कन्याशाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. आमचं घर आणि त्यांचं घर, मध्ये एक कुंपण. मुलंबाळं नसल्याने ती दोघं मलाच आपली मानत. मोठेबाबा बोलायला लागले की फिरून फिरून त्या डोंगरात जात. देवदारांच्या सावलीत बर्फ वितळला की जमिनीलगत बारीक जांभळी फुलं यायची. साहेब लोक त्यांना व्हायलेट म्हणायचे, पहाडी माणसं बनफशा. मेसचा म्हातारा खानसामा ती ताजी फुलं देठ काढून जिनच्या बाटलीत टाकायचा, साखर घालायचा आणि बाटली अंधारात ठेवून द्यायचा. जिनला मुळातच हाऊबेर नावाच्या पहाडी फळांचा वास असतो, थोडा धुपासारखा. त्यात बनफशाचा वास मिसळला की, मोठेबाबा म्हणत, "देवळात कोनी अत्तर लावून आलं असं वाटते पाह्य." त्या फुलाची आणखी एक गंमत ते सांगत. त्याचा वास येतो, नि लगेच नाहीसा होतो. पुन्हा हुंगलं तर काही नाही. आपण विसरून दुसरं काही बोलायला लागलो की परत येतो.

डोंगरातून त्यांनी मुळांसकट रोपं आणली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून. वैनगंगेकाठचा एकच एप्रिल त्यांना पुरला, सगळी करपून गेली. पण मोठेबाबा हार मानणारे नव्हते. भंडाऱ्याच्या एका काष्ठौषधीच्या दुकानात त्यांना वाळलेली बनफशा मिळाली, खोकल्याच्या काढ्याला लोक नेत ती. तिला ना रंग ना वास. दुकानदाराशी गप्पा करता करता बनफशाची मुळी म्हणून विकली जाणारी एक पांढरी, वाळकी मुळी त्यांच्या हाती आली. तिला मात्र तोच वास होता. फौजी कॅन्टीनमधून जिन मिळायचीच. मुळी जाडसर कुटून ते ती काचेच्या बरणीत जिनमध्ये भिजत घालत आणि रोज झाकण उघडून हुंगत. फार दिवस ठेवली तर कडवट होते, साबणासारखी लागते असं खानसाम्याने सांगितलेलं. वास हवा तसा आला की मलमलच्या फडक्यातून गाळत. वास जमला, रंग तेवढा जमायचा राहिला. आणि रंग त्यांना सापडला तो कुंपणावर.

त्या कुंपणावर मोठी आईची गोकर्णीची वेल होती. महादेवाला वाहायला लावलेली. एका सकाळी ती मला घेऊन पूजेला फुलं तोडायला गेली तर वेल रिकामी. मोठेबाबा ओट्यावर बसून पाकळ्यांची हिरवी देठं खुडत होते. समोर वाटीत जिन, तिच्यात पाकळ्या, आणि जिन शाईसारखी निळी होत चाललेली. त्यांनी वरून लिंबाचे थेंब पिळले आणि ती निळाई आमच्या डोळ्यांदेखत जांभळी झाली.

"देवाच्या फुलाची दारू करून राहिले तुमी?" मोठी आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिचा राग नेहमी खालच्या पट्टीत असायचा.

"मी पेत नाही ना वो. तुले मालूम हाय."

"मंग कायले करता?"

मोठेबाबांनी वाटी हळूच मागे सरकवली. आज मला वाटतं, उत्तर सोपं होतं. त्यांना ते काम येत होतं आणि आवडत होतं. पण तसं म्हणायला त्यांना लाज वाटली असावी.

मोठी आईने त्या दिवशी एवढंच ठरवलं की बरणी स्वयंपाकघरात येणार नाही आणि पहिली फुलं देवाची. मोठेबाबांनी दोन्ही मान्य केलं. मग वर्षानुवर्षं तसं चाललं. त्यांनी केलेली जिन चाखायला गावातले काही लोक येत. फुकट मिळते म्हणून येत, हे खरं. मोठेबाबा बाजारातून धानाच्या कोंड्यात गुंडाळलेला बर्फ आणत, गोळीचा सोडा आणत आणि छोट्या ग्लासात दोन बोटं जिन ओतून समोरच्याच्या तोंडाकडे आशेने बघत बसत. "कशी हाय?" लोक म्हणत, "बरी हाय, पन चढत नाही." कुणी म्हणे, "हवालदारसायब, हे दवाई हाय का?" ते हसून ग्लास उचलून नेत. दारूवाले हवालदार हे नाव याच काळातलं. माझी आई म्हणायची, पिणाऱ्याला नावं ठेवलेली पाहिली, न पिणाऱ्याला पहिल्यांदाच पाहते.

माझं लग्न ठरलं ते नागपूरच्या घरी. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी वराकडच्या एका मामांनी बाबांना बाजूला घेतलं आणि पाहुण्यांची 'सोय' विचारली. बाबा गोंधळले. मोठेबाबा मात्र जणू आयुष्यभर याच विचारण्याची वाट पाहत होते. त्यांनी मागच्या अंगणात टेबल मांडलं, त्यावर पांढरी चादर, आणि स्वतः मेसमधला पांढरा कोट इस्त्री करून घातला. मी मांडवातून उठून खिडकीशी आले होते, तिथून सगळं दिसत होतं. मामांनी ग्लास नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "हे काय हो, बायकांच्या डोक्याचं तेल?" सगळे हसले. मामांनी ग्लास तिथेच मातीत रिकामा केला. मोठेबाबांनी टाचा जुळवल्या, "सॉरी सर" म्हणाले आणि ग्लास उचलला. पुढे त्यांनी बाकीचे ग्लासही एकेक करून उचलले, चादर घडी केली... तोंडावर काही नव्हतं. पण मोठी आई मागच्या दारात उभी होती आणि तिने ते पाहिलं.

चार-पाच दिवसांनी मांडवपरतणीला आम्ही दोघं पवनीला आलो. माझे यजमान स्वभावाने सरळ. चहा झाल्यावर ते म्हणाले, "मोठेबाबा, मामाच्या वागण्याची मला फार लाज वाटते. मला द्याल का तुमची ती जिन?"

"नाही राहिली, जावईबापू. फेकून देल्ली," मोठेबाबा म्हणाले. "आता नाही करत. झालं तेवढं बस झालं."

मोठी आई आत तांदूळ निवडत होती. ती उठली, परडी घेऊन कुंपणाकडे गेली आणि उन्हं उतरलेल्या त्या वेळी उरलीसुरली गोकर्णीची फुलं तोडून तिने परडी मोठेबाबांपुढे ठेवली.

"करा."

"कायची करू? मुळी भिजवलेली जिनच नाही."

"धानाच्या कोठीमागं दुसरी बरणी हाय. मले का मालूम नाही?"

मोठेबाबा उठले, बरणी आणली. पाकळ्या खुडून जिनमध्ये पडल्या, रंग चढला, खडीसाखरेचा पाक गेला, लिंबाचे थेंब गेले. आम्ही ओट्यावर बसून पाहत होतो. त्यांनी पहिला ग्लास यजमानांना दिला. त्यांनी सावकाश घोट घेतला, काही म्हणणार इतक्यात मोठी आई पुढे झाली.

"मलेबी द्या घोटभर."

"तुले?"

"हाव. एवढा अपमान जिच्यापायी सोसला ते हाय तरी काय, मले पाहू द्या."

तिने ग्लास दोन्ही हातांनी धरला, देवाचं तीर्थ धरावं तसा. आधी वास घेतला. पुन्हा घेतला. तिच्या कपाळावर आठी आली, म्हणाली, "गेला का वास?" मोठेबाबा घाईघाईने म्हणाले, "थांब, येते तो." ती थांबली. मग डोळे मिटून तिने घोट घेतला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मला वाटलं, आता ती ग्लास ठेवून आत जाईल आणि पुन्हा या विषयावर कधी बोलणार नाही. ती म्हणाली, "मोहाचा वास नाही याले." एवढंच. पण ते ऐकून मोठेबाबांचे डोळे भरले. मग तिने तोच ग्लास त्यांच्यापुढे धरला.

"आता तुमी घ्या."

"शपथ हाय वो तुझी."

"मीच घातली ना? मीच काढली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. म्हातारा माणूस, पण परीक्षेला बसलेल्या पोरासारखा ग्लास घेऊन ताठ बसला. अगदी बारीक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. आणि मोठेबाबा एकदम कळवळून म्हणाले,

"अरे बापा... साखर किती जास्त हाय! एवढी वर्षं कोनी बोललं काहून नाही?"

मोठी आई इतकी हसली की तिला ओट्याच्या खांबाला धरावं लागलं. मी तिला तसं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मोठेबाबाही हसायला लागले, डोळे पुसत, हसत...

त्यानंतरची त्यांची वर्षं मी सुट्ट्यांमध्ये येऊन पाहिली. ऐंशीचं दशक अर्धं सरेपर्यंत दर रविवारी दिवेलागणीला दोघं ओट्यावर बसत. पाहुण्यांना ओतणं बंद झालं होतं. एकेक छोटा ग्लास, त्याहून जास्त कधी नाही. साखर अर्ध्यावर आली, मग त्याहूनही कमी. मोठी आई सांगायची, "या खेपेले मुळी जास्त भिजली," आणि मोठेबाबा मान डोलवायचे. नवरा-बायको म्हणून त्यांचं आयुष्य रजेच्या तुकड्यांत आणि अबोल्यात गेलं होतं. बोलायला विषय त्यांना इतक्या उशिरा मिळाला, आणि तोही हा. शेजारी कुजबुजत. मोठी आई ऐकून घ्यायची आणि रविवारी पुन्हा बसायची. गेल्या हिवाळ्यात मोठेबाबांना दम लागायला लागला, डॉक्टरांनी मना केलं, तेव्हा तिनेही आपला ग्लास घेणं सोडलं. ते म्हणाले, "तू घे ना." ती म्हणाली, "एकटीनं काय घ्यायचं!"

तेरावं झालं, पाहुणे पांगले. मी निघायच्या आधी त्यांच्या घरी गेले. मोठी आई भिंतीला टेकून बसली होती. रडून झालं होतं. "पानी पेशील ना पोरी, बसमध्ये नाही भेटत," म्हणून ती उठली, फळीवरून काचेचा ग्लास काढला. माठाकडे जाता जाता खिडकीशी थांबली, ग्लास उजेडात वर धरला आणि एक डोळा बारीक करून फिरवून पाहिला. मेसमध्ये असताना मोठेबाबांना लागलेली ही सवय, घरातला साधा पाण्याचा ग्लासही ते तसा पाहिल्याशिवाय कुणाच्या हातात देत नसत, आणि मोठी आई त्यांना त्यावरून नेहमी बोलायची. तिला कुठेतरी डाग दिसला. पदराच्या टोकाने तिने तो पुसला, पुन्हा उजेडात धरून पाहिला, आणि मग पाणी भरून माझ्या हातात दिलं.